रुमाल टाकलेली खुर्ची

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. खरं सांगायचं तर चहाबरोबर खारी खावी तसे वाचतो. पिंपळाखालची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा, कुलूपबंद खोलीतली पावलं... प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न येतो: तिथलं वायरिंग कुणी तपासलं होतं का? माझी सगळी नोकरी बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत गेली, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. काटा हलला की त्यामागे काहीतरी असतं, आणि ते सापडेपर्यंत घरी जायचं नसतं, एवढंच माझं अध्यात्म. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटते. पण यावेळी काटा हलला, आणि मागे काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

माझा धाकटा काका, दिनूकाका. हल्ली ज्याला स्टँड-अप म्हणतात ते दिनूकाका बडोद्यात करायचा, तेही तो शब्द आमच्याकडे पोचायच्या कितीतरी आधी. एक टेबल, पाण्याचा तांब्या, डोक्यावर काळी टोपी. मराठीत सुरुवात करून गुजरातीत शिरायचा आणि हिंदीतून परत यायचा. विषय एकच — मोठी माणसं. त्यांचे सत्कार, त्यांची उद्घाटनं, त्यांच्या गळ्यात पडणारे आणि न पडलेले हार. दांडिया बाजारातली निम्मी जुनी घरं संस्थानच्या कारभाऱ्यांची, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. आमचंही त्यातलंच. काका म्हणायचा, ‘आपल्याकडे जहागीर गेली, पण खाकरणं राहिलं.’

त्या काळी तिकीट लावून असा कार्यक्रम करायचा तर सगळी संहिता आधी एका समितीकडे द्यावी लागायची. समिती लाल पेन्सिलीने वाक्यं काटायची आणि मग शिक्का मारायची. बाकीचे लोक काटलेली वाक्यं गाळून पुढे जायचे. काका गाळायचा नाही. काटलेल्या वाक्याची जागा आली की तो टोपी काढून टेबलावर ठेवायचा आणि तेवढा वेळ गप्प उभा राहायचा. मग टोपी घालून पुढचं वाक्य. लोकांना हे कळल्यावर ते त्या गप्प जागांनाच जास्त हसायला लागले. प्रत्येकजण आपापल्या साहेबाचं नाव तिथे मनातल्या मनात भरायचा.

समितीला हेही कळलं. तिने कळवलं, की गप्प बसणं हा कार्यक्रमाचा भाग असल्याने तेही आधी लेखी सादर करावं. काकाने कोरी पानं सादर केली. ती परत आली तेव्हा त्यातल्या दोन पानांवर लाल काट होती... त्या दोन पानांवरून काका कोर्टात गेला.

आता यातली घरगुती गोष्ट. समितीतले ती लाल पेन्सिल चालवणारे साहेब म्हणजे काकाचे सासरे. शालूकाकूचे वडील, अप्पा. मुलीने हट्टाने लग्न केलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती — माझी मुलगी त्याच्या कार्यक्रमाला बसलेली दिसता कामा नये. काकूने ती पाळली. काकू शब्दाची पक्की, आणि शब्दाहून रागाची पक्की.

काका मात्र प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत एका खुर्चीवर आपला रुमाल टाकून ठेवायचा. एसटीत जागा धरतात तसा. कुणी बसायला गेलं तर स्टेजवरूनच म्हणायचा, ‘तिथं नको भाई, येणार आहेत.’ कोण येणार ते बडोद्यात सगळ्यांना माहीत होतं. ती येणार नाही हेही.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वडिलांनी आणलेला टेपरेकॉर्डर मला चालवता यायचा, म्हणून काकाचे प्रयोग टेप करायचं काम माझ्याकडे. मशीन मांडीवर घेऊन मी त्या रुमालाच्या खुर्चीशेजारीच बसायचो, कारण तिथून आवाज चांगला यायचा.

ज्या प्रयोगाबद्दल लिहितोय तो रविवारी सकाळचा होता. काका पुतळ्याचा किस्सा सांगत होता. चौकात एका साहेबांचा पुतळा बसवायचं ठरलं. जागा ठरली, दगड ठरला, हारसुद्धा ठरला. अडलं कुठे, तर पुतळ्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं? यानंतरचं वाक्य काटलेलं होतं. काकाने टोपी काढली, टेबलावर ठेवली. हॉल शांत. मागे कुठेतरी हसण्याला सुरुवात होत होती, तेवढ्यात काका एकदम माझ्या बाजूला वळला. रुमालाच्या खुर्चीकडे बघून त्याचा चेहरा असा काही उजळला, की मीसुद्धा मान वळवून पाहिलं. खुर्चीवर रुमाल होता.

‘आलात साहेबीणबाई?’ काका म्हणाला. ‘बसा. जागा धरलीय.’

हॉल हसून कोसळला. मीही हसलो. काका मात्र हसला नाही. पुढचा सगळा वेळ तो अधूनमधून त्या खुर्चीकडे बघत होता.

‘साहेबीणबाई’ हे त्याचं काकूसाठीचं घरातलं नाव होतं. दार लावून म्हणायचं. बडोदं किती मोठं? प्रयोग संपून तासभर झाला नसेल, शेजारच्या बाईंनी काकूला वृत्तांत दिला, की अहो, तुमच्या मिस्टरांनी आज भरल्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्चीला साहेबीण म्हणून हाक मारली, आम्ही तर हसून हसून...

मी कॅसेट द्यायला गेलो तेव्हा काका नुकताच पोचला होता. लहरीपुऱ्याच्या बाजारातून येताना त्याने काहीतरी आणलं होतं. कागदाची पुडी त्याने काकूपुढे धरली.

‘सांगायचं तरी येणार म्हणून. आणि घसा केवढा बसलाय तुझा. ज्येष्ठमध आणलाय, चघळ.’

‘माझा घसा ठणठणीत आहे,’ काकू म्हणाली. तो होताही.

‘हसलीस तेव्हा शिट्टी वाजत होती छातीत. मग ‘पुरे’ म्हणालीस. मी ऐकलं ना.’

‘मी घरातून हललेसुद्धा नाही. गावापुढं माझी थट्टा केलीत ती कमी पडली म्हणून आता घरातही प्रयोग लावलाय का?’

‘अगं शपथ—’

‘सतीश, तू शेजारीच होतास ना?’ काकू माझ्याकडे वळली. ‘त्या खुर्चीत कोणी होतं?’

मी म्हणालो, ‘नाही काकू. रुमाल होता.’

‘कोणी हसलं तिथं?’

‘मला तरी नाही ऐकू आलं.’

खरं तेच सांगितलं. इतक्या वर्षांत त्या उत्तरातला एकही शब्द मला खोटा काढता आलेला नाही, आणि तरी ते उत्तर माझं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत राहतं. काका माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि गप्प उभा राहिला. यावेळी कोणीच हसलं नाही.

त्यानंतर त्याने हा विषय कधी काढला नाही, आणि माझ्या हातातली ती कॅसेट लावून बघायचं कोणालाच सुचलं नाही. खुर्चीवर रुमाल टाकणं बंद केलं. पूर्वी तो नवीन किस्सा आधी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणून बघायचा, आणि काकू पोळ्या लाटता लाटता पाठमोरीच ‘पुरे’ म्हणायची. ती तिची दाद. तेही थांबलं. संसार नीट झाला. गरम जेवण, वेळेवर औषधं, नातेवाइकांकडची लग्नं. फक्त हसण्याचं खातं बंद झालं.

कोर्टात काका पुढे जिंकला. गप्प बसायला परवानगी लागत नाही, असा निकाल लागला, आणि यथावकाश काटाकाटीही सुटली. मग काका ती जुनी वाक्यं मोठ्याने म्हणायला लागला. लोक हसले, पण बेताने. लोकांनी इतकी वर्षं त्या जागांमध्ये स्वतःचं काहीतरी भरलं होतं. त्यापुढे काकाचं वाक्य फिकं पडायला लागलं. एकदा मला म्हणाला, ‘सतीश, खटला जिंकलो आणि धंदा हरलो.’ हळूहळू प्रयोग थांबले. करोनाच्या बऱ्याच आधी तो गेला. तो गेल्यावर दोनएक वर्षांनी काकूचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिचा आवाज खरखरीत झाला. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता अलीकडची गोष्ट. आमच्या इथल्या एका सांस्कृतिक मंडळाला — ज्याने काकाच्या खटल्याच्या काळात त्याला एकदाही हॉल दिला नव्हता — काकाचा स्मृतिसोहळा करायचा साक्षात्कार झाला. कार्याध्यक्ष नानासाहेब. गळ्यात उपरणं, बोलण्यात सुविचार. काकाच्या कॅसेटवरच्या ध्वनिमुद्रणांचं लोकार्पण करायचं, पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबायचं, वगैरे. कॅसेट काकूकडे एका पत्र्याच्या डब्यात होत्या. डबा उघडला तेव्हा त्यात कॅसेटच्या खाली एक कागदाची पुडी निघाली, आत वाळून दातकोरण्यासारख्या झालेल्या काड्या. काकूने ती पाहिली आणि डब्याचं झाकण लावून डबाच माझ्या हातात दिला. ‘ने. ऐकून काय ते बघ. मला काही ऐकायचं नाही.’

मी घरी सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. जुनी टेप, खरखर, अधूनमधून पंख्याचा आवाज. त्या रविवारच्या कॅसेटमध्ये पुतळ्याच्या किश्शापाशी, शांतता सुरू झाल्यावर, माइकच्या अगदी जवळ कोणीतरी म्हातारी हसत होती. घोगरं हसू, मध्येच श्वास अडकून शिट्टी, आणि शेवटी ‘पुरे’. मग काकाचं ‘आलात साहेबीणबाई?’ मी मनात म्हटलं, असेल मागच्या रांगेतली एखादी आजी. चाळीस वर्षांपूर्वीच्या हॉलमध्ये कोण कोण बसलं होतं, कोणाला आठवतंय? ‘पुरे’ काय, कोणीही म्हणतं. आणि काकू हसणारी बाई नाही. ऑपरेशननंतर तिला हसताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. ओळखणार कशावरून?

फाइल्स नानासाहेबांना पाठवल्या. ते दोन दिवसांत काकूकडे हजर. मीही होतो.

‘वहिनी, अप्रतिम ठेवा आहे. फक्त एक करू या. त्या मधल्या गप्प जागा काढून टाकू. स्टेजवर ठीक होतं ते. ऑडिओत लोकांना वाटतं मशीन बिघडलं. हल्ली पेशन्स नथी ने कोणाला.’

मी म्हणालो, ‘नानासाहेब, त्या जागांसाठी तो कोर्टात गेला होता.’

‘ते आपण भाषणात घेऊच की. सविस्तर घेऊ. आणि हो, ती पुतळ्यावाली — तिथं पुढच्या रांगेत कोणी म्हातारी घरघरतेय. तेवढीही काढा. सोहळ्याला बरं दिसत नाही.’

काकू म्हणाली, ‘चहा घ्या.’

ते गेल्यावर ती बराच वेळ कपबशा आवरत राहिली. मग म्हणाली, ‘पुतळ्याची म्हणजे तीच ना? साहेबीणबाईवाली?’

‘हो.’

‘ती द्यायचीच नाही कोणाला. बाकी काय हवं ते करा. माझी एकदा झाली तेवढी थट्टा बास. आता पाहुण्यांच्या हस्ते नको.’ हात पुसत म्हणाली, ‘पण लाव. नाही म्हणण्याआधी एकदा ऐकते तरी. इतकी वर्षं ऐकीव गोष्टीवरच रागावलेय.’

दुपारची वेळ होती. खाली रस्त्यावर नेहमीची वर्दळ. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. काकू समोरच्या खुर्चीत ताठ बसली, परीक्षक बसतात तशी. काकाचा आवाज सुरू झाला तेव्हा तिने एकदा पदर सारखा केला, बाकी काही नाही. जागा ठरली, दगड ठरला, हारसुद्धा ठरला. पुतळ्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं?

शांतता.

आणि काकू त्या शांततेत, लॅपटॉपकडे बघत, पोळी लाटताना बोलावं तसं सहज म्हणाली, ‘कुठल्याही बाजूला करा. ज्यांच्याकडे पाठ होईल, निदान त्यांची कामं तरी होतील.’

मी ते वाक्य काकाच्या तोंडून मागाहून ऐकलं होतं. पण ते असं म्हणायचं असतं हे मला आज कळत होतं.

‘हे त्यांचं नव्हे, माझं वाक्य,’ ती म्हणाली. ‘आमच्या अप्पांवरनंच केलेलं. आणि अप्पांनीच काटलं, बिचाऱ्यांनी—’ आणि ती हसली.

घोगरं हसू, मध्येच श्वास अडकून शिट्टी. मला आधी वाटलं लॅपटॉपचा आवाज घुमतोय. मग कळलं, दोन आवाज आहेत — एक समोरून येतोय आणि एक टेबलावरून — आणि दोन्हींमध्ये केसाचंही अंतर नाही. श्वास एकत्र अडकला. शिट्टी एकत्र वाजली. काकूने डोळ्यांना पदर लावत ‘पुरे’ म्हटलं, आणि टेबलावरून ‘पुरे’ आलं.

मग लॅपटॉप एकटाच बोलला. ‘आलात साहेबीणबाई? बसा. जागा धरलीय.’

हॉलचं हसणं ओसरलं.

‘मागं घे,’ काकू म्हणाली.

मी मागं घेतलं. यावेळी ती हसली नाही, तोंडावर हात धरून बसली. हसू एकट्या लॅपटॉपमधून आलं, तसंच, शिट्टीसकट. काकूचा हात तोंडावरून हळूच खाली गळ्याकडे गेला, जिथे ऑपरेशनचा व्रण आहे.

‘हा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता रे,’ ती म्हणाली. ‘ते गेल्यावर झालाय हा.’

मी लॅपटॉप मिटला. सुचलं नाही.

‘आणि ते शपथ घेत होते,’ काकू म्हणाली. मग इकडेतिकडे बघत विचारलं, ‘ती पुडी आहे का टाकलीस?’

पुडी डब्यातच होती, डबा माझ्या पिशवीत. तिने एक काडी काढली, पदराने पुसली आणि दाढेखाली धरली. चाळीस वर्षांच्या ज्येष्ठमधाला काय चव राहिली असेल? पण ती बराच वेळ चघळत बसली. मी खिडकीतून खाली बघत राहिलो.

आता माझं काम. मी शक्य ते सगळं तपासलं. कॅसेटवर मागाहून काही टेप होऊ नये म्हणून तिच्या पाठीची प्लास्टिकची दोन नखं मोडतात. ती मी त्या रविवारी हॉलमध्येच मोडली होती, मोडलेलीच आहेत. कॅसेटमध्ये हसू आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये आहे. नानासाहेबांच्या फोनमध्ये जी प्रत त्या दुपारच्या आधीपासून आहे तिच्यातही आहे, आणि त्यांनीच तर त्याबद्दल तक्रार केली होती. काकूकडे कॅसेट लावायचं यंत्र कित्येक वर्षं नाही, तेव्हा तिने आधी ऐकून नक्कल केली म्हणावं तर तेही बसत नाही. तसाच घसा आणि तेच ‘पुरे’ असलेली दुसरी कोणी म्हातारी त्या सकाळी हॉलमध्ये असणं शक्य आहे. फक्त तिचा आवाज टेपवर माझ्या स्वतःच्या हसण्यापेक्षा जवळून येतो, म्हणजे ती माझ्या मांडीवर तरी बसली असणार किंवा त्या खुर्चीत. खुर्चीत रुमाल होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही तेच सांगेन.

आणि जन्मभर मोजमापाची यंत्रं सांभाळलेल्या माणसाने त्या दुपारी स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला लावलेला नव्हता. दोन हसणी एकमेकांवर ठेवून दाखवायला माझ्याकडे काही नाही. काकूला पुन्हा तसं हसून दाखव म्हणणं मला जमलं नाही.

सोहळा झाला. पाहुण्यांनी बटण दाबलं, दोनदा, कारण पहिल्यांदा फोटो नीट आला नव्हता. काकूने नानासाहेबांना बजावून सांगितलं होतं, एकही गप्प जागा काढायची नाही, आणि ती म्हातारीही नाही.

‘पण ती आहे तरी कोण, वहिनी?’ त्यांनी विचारलं.

‘ओळखीतली आहे,’ काकू म्हणाली. ‘जरा उशिरा पोचली.’

यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. कोणाला यातलं तांत्रिक काही कळत असेल तर जरूर लिहा, मी वाट बघेन, मला खरंच हवंय. तोवर एवढंच, की अधूनमधून दुपारी काकूचा फोन येतो आणि मी लॅपटॉप घेऊन जातो. बाकीचं काही नको असतं तिला, तेवढाच भाग. टेबलाशी खुर्ची ओढून, पदर सारखा करून ती तयार राहते. काका विचारतो, ‘आलात साहेबीणबाई? बसा.’

ती आधीच बसलेली असते.